दुपारी बारा ते दोन

६ फेब्रुवारी

ताई,

आणि हे बघ, पत्राच्या शेवटी ‘रागावू नकोस’ असं लिहिलं म्हणजे माणूस रागवत नाही, असं थोडंच असतं? आधी फटका मारायचा आणि मग फुंकर घालायची, ही तुझी लहानपणापासूनची खोड. ठरलं काय होतं आपलं? बाबा गेल्यावर आईसमोर बसून ठरलं होतं. तू हुशार, म्हणून तू शिकायचं. मी आठवीतून उठून कामाला लागायचं. तुझं एम.एस्सी. झालं की तू कुठल्यातरी कॉलेजात शिकवायला लागणार आणि मी माझं चंबूगबाळं आवरून घरी येणार. एम.एस्सी. होऊन वर्ष होत आलं. आता म्हणतेस पीएच.डी. करायची. पाच वर्षं! पाच वर्षांत माझी कवळी बसेल ताई.

फोनवर दुसऱ्या मिनिटाला आपलं जुंपतं, तू रडतेस, मी फोन आपटतो, म्हणून लिहितोय. तर तुझी पत्रंही हल्ली गोगलगायीच्या पाठीवर बसून येतात. काय चाललंय काय?

आणि ते ‘एकच रेणू बघायचं शास्त्र’ म्हणजे काय भानगड आहे? आपल्याला एकाच्या जागी दोन भाकरी मिळाल्या तर बरं वाटतं, आणि तू एवढं शिकून एकावर आलीस? त्यात नोकरी तरी कोण देतं?

इथलं सांगायचं तर पायलिंग चालू आहे. मोठी इमारत उठायच्या आधी जमिनीत खांब ठोकतात, ते काम. हातोड्याची लिव्हर आता माझ्या हातात असते. मुकादम म्हणतो, एका जागी न टिकणारा हा पोरगा वर मचाणावर मात्र बरा टिकला. समोरच रस्त्यापलीकडे एक संशोधनाची संस्था आहे. त्यांचं काहीतरी तळघरात आहे म्हणे. त्यांच्यातला एक चष्मेवाला दर दोन दिवसांनी येतो आणि म्हणतो, ‘दुपारी थोडा वेळ थांबता का, आमचं सगळं हलतं.’ हलणारच! आम्ही काय पापड लाटतोय? तो आला की पोरं मला खूण करतात आणि मी दोन ठोके जास्तच हाणतो. तुझ्याच पंथातली माणसं दिसतात. तुला काही कळत असेल तर सांग, हे लोक खाली एवढं काय जपून ठेवतात?

आईच्या गुडघ्याचं कळव.

तुझा
भिरभिऱ्या

*

१३ फेब्रुवारी

प्रिय भिरभिऱ्या,

बरं, आज फटका नाही, नुसती फुंकर.

समज, बाजारातून हजार माणसं चालली आहेत आणि तू गच्चीवरून बघतोयस. तुला काय दिसेल? गर्दी सरकतेय एवढंच. कोण लंगडतोय, कोण मध्येच थांबून चपलेचा अंगठा नीट करतोय, कोण गुपचूप उलटा फिरलाय, काही कळणार नाही. आजवर शास्त्र असंच गच्चीवरून बघत होतं. आता एकाच माणसाच्या मागे मागे जाता येतं.

आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत हमाल असतात. रेणूच, पण पाठीवर ओझं घेऊन दोरीवरून चालणारे. खरंच चालतात रे, दोन पाय असतात त्यांना. आपण काय करायचं, तर उजेडाच्या चिमटीत एक बारीकसा मणी धरायचा, तो अशा एका हमालाच्या पाठीवर द्यायचा आणि तो पाऊल कसं टाकतो ते मोजायचं. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केलेस तर त्यातल्या एका भागाएवढं त्याचं पाऊल. कुठे थकतो, कुठे अडखळतो, सगळं दिसतं. आणि एकदा ते बघितलं ना, की मग दुसरं काही करावंसं वाटत नाही. हे तुला कसं सांगू?

जागा निघतात त्या अशा: ‘संशोधक विद्यार्थी हवा. जागा एक. अंधारात तासन्‌तास बसायची तयारी हवी.’ भौतिकशास्त्रवाले म्हणतात, तू जीवशास्त्राकडे जा. जीवशास्त्रवाले म्हणतात, तू तर भौतिकशास्त्राची. मी नऊ ठिकाणी लिहिलं, त्यातल्या दोघांनी उत्तर दिलं. एकाची जागा भरली होती. दुसरीकडे तीन महिने बोलावून काम बघतात आणि मग घ्यायचं की नाही ते ठरवतात. बघू काय होतं. घेतलं तर फेलोशिप मिळते, म्हणजे तू मला पैसे पाठवायचं बंद करशील. हे तरी गोड बातमीत धर.

तुझ्या समोरच्या तळघरातही असंच काही असणार. मशीन एकच असतं. मोठे विद्यार्थी सोयीच्या वेळा घेतात आणि नव्याच्या वाट्याला उरलेली वेळ येते, दुपारी बारा ते दोन वगैरे. तुझा हातोडा पडला की तो मणी शंभर पावलं उडत असेल. तिथं माझ्यासारखीच कुणी मुलगी बसली असेल, तिची जागा त्यावर असेल. जमलं तर बघ. माझ्यासाठी म्हणून बघ.

आईचे गुडघे बरे आहेत. ती आत्ता शेजारीच बसलीय, तुला जेवत जा म्हणतेय.

तुझी
ताई

*

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हमाल आणि दोरीचं ऐकून सगळे जवळ सरकले. मग आमच्यातला एक दाढीवाला म्हातारा म्हणाला, ‘म्हणजे आपल्या पोटातसुद्धा मजूरच आहेत होय! आणि मुकादम कुठाय?’ हसून हसून पुरेवाट.

तर बाईसाहेब, तुमचं काम झालं. मी त्या चष्मेवाल्याकडे स्वतः गेलो. विचारलं, तुम्हाला नेमकी कोणती वेळ पाहिजे? म्हणाला, बारा ते दोन. तू म्हणालीस तेच! तुझं डोकं म्हणजे डोकं आहे ताई, घरबसल्या सांगितलंस. मला एवढा अभिमान वाटला की त्याला म्हणालो, ‘माझी बहीण पण याच शास्त्रातली आहे, तिनंच सांगितलं मला.’ तो नुसता बघत राहिला.

मुकादमाला पटवायला मात्र नाकी नऊ आले. शेवटी असं ठरलं की जेवणाची सुट्टी एकाऐवजी दोन तास आणि संध्याकाळी एक तास जास्त काम. आता गोची अशी, की संध्याकाळचं नळाचं पाणी साडेसहाला जातं आणि आम्ही सुटतो सातला. म्हणजे अंगावरचा चिखल तसाच घेऊन झोपायचं. पोरं कुरकुरली. मी म्हणालो, ‘अरे, तिथं कुणाची तरी बहीण बसलेली असेल. तुमची असती तर?’ ऐकलं बिचाऱ्यांनी.

पाच वर्षांचं मी अजून मान्य केलेलं नाही, लक्षात ठेव. पण तुला बोलावणं आलं तर मला आधी सांग. कुठल्या का गावाला असेना, मी एक दिवस सुट्टी काढून तुला तिथं सोडायला येईन. नव्या गावात पहिल्या दिवशी एकटीनं जाऊ नये.

भिरभिऱ्या

*

२७ फेब्रुवारी

भिरभिऱ्या,

काय लिहू? तू खरंच थांबवलंस. त्या मुलीच्या वतीनं मीच थँक्यू म्हणते. दाढीवाल्या आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, पोटातल्या मजुरांना मुकादम नसतो, तरी ते काम चुकवत नाहीत.

मार्चअखेरपर्यंत थांबवता येईल का रे? अशा ठिकाणी महिन्याअखेरीला निकाल लागतात, म्हणून म्हटलं.

इथं सगळं ठीक. आज ढग आलेत, आईनं वाळत घातलेलं दोनदा आत आणलं. तिनं तुझ्यासाठी निळ्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतलाय.

नळाचं वाचून वाईट वाटलं. बादली भरून ठेवत जा.

ताई

*

१० मार्च

ताई,

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकलेलं नाही. रस्ता ओलांडून तुमच्या वॉचमनच्या हातात देतोय. पाकिटावर तुझं नाव बघून तो म्हणाला, ‘त्या नव्या मॅडम होय? आत्ताच गेल्या खाली.’

काल काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथंच होतीस. पण मला कसं दिसलं ते ऐक.

तुमच्या मोठ्या बाईंनी मुकादमाला आणि मला बोलावलं, आभार मानायचे म्हणून. मी केस ओले करून भांग पाडला. दारात बूट काढायला लावले, पायात कागदाच्या पिशव्या दिल्या. आत अंधार, एक लाल दिवा, हलू नये म्हणून हवेवर तरंगत ठेवलेलं एक टेबल आणि पडद्यावर एक हिरवी रेघ. बाई म्हणाल्या, ‘ही आमची नवी मुलगी. हिच्यासाठीच तुम्ही थांबता.’ आणि खुर्ची वळली.

मला आधी काय वाटलं सांगू? वाटलं, ताईनं गंमत केली! आजच आली असेल आणि मला चकित करायचं म्हणून सांगितलं नसेल. मी दात काढून हसायलाच लागलो होतो. तू मुकादमाकडे बघून म्हणालीस, ‘इकडे बघा काका, ही एकेक पायरी म्हणजे एकेक पाऊल.’ काका! त्या चेंगटाला काका, आणि मी शेजारी उभा. मग बाईच हसून म्हणाल्या, ‘हा तुझ्याकडे असा काय बघतोय? ओळख आहे की काय?’

‘नाही मॅडम.’

एवढंच म्हणालीस. आवाजसुद्धा हलला नाही तुझा. तुझं ते हवेवर तरंगणारं टेबल तरी हललं असतं.

मुकादमाबरोबर वर आलो. पायातल्या त्या पिशव्या काढायच्या राहिल्या होत्या, तसाच रस्त्यावर आलो. पोरं हसली. मीही हसलो.

मग मचाणावर बसून एकेक आठवत गेलं. तुझ्या पाकिटांवर घरच्या पोस्टाचा शिक्का कसा, तर आई. तू इथून घरी पाठवणार, आई ते परत इथं पाठवणार आणि माझी पत्रं तशीच उलटी. रस्ता ओलांडायला तीस पावलं लागतात, आणि आपली पत्रं सगळा मुलूख फिरून येत होती. गोगलगायीला उगाच नावं ठेवली. बारा ते दोनचं मी तुला लिहिलंच नव्हतं, आणि मी तुझ्या डोक्याचं कौतुक करत गावभर फिरलो. आई शेजारी बसलीय, ढग आलेत, वाळत घातलेलं आत आणलं! कुठल्या खिडकीतून बघितलेस ग ते ढग? तळघराला खिडकी तरी आहे का?

आणि ते हमालांचं. ते मला समजावं म्हणून लिहिलंस असं वाटलं होतं. जन्मात पहिल्यांदा तुझं काहीतरी मला कळलं होतं. ते दोन पानांचं पत्र मी उशाखाली ठेवलं होतं. ते हातोडा थांबवायला लिहिलं होतंस. ‘तिथं माझ्यासारखीच कुणी मुलगी असेल.’ माझ्यासारखी! समोर येऊन म्हणाली असतीस, ‘गाढवा, हातोडा थांबव, मी खाली बसलीय,’ तर मी तो हातोडाच मोडून टाकला असता तुझ्यासाठी.

उद्यापासून बाराला हातोडा पडेल. धर तुझा मणी चिमटीत.

समोरच्या साइटवरचा

*

३१ मार्च

भिरभिऱ्या,

तीनदा आले साइटवर. तिन्ही वेळा मुकादम म्हणाले, तो वरून उतरत नाही म्हणतोय. तिसऱ्या वेळी मी सुटी होईपर्यंत खाली वाळूच्या ढिगापाशी उभी राहिले. तू पलीकडच्या शिडीनं गेलास.

अंधारातून एकदम वळले म्हणून तू दिसला नाहीस, असं लिहिता आलं असतं. पण दिसलास. दारातून आत आलास तेव्हाच, तुझ्या भांगावरून ओळखलं.

खरं सांगते. जानेवारीत इथं आले तेव्हा ठरवलं होतं, आठवडाभरात तुझ्यासमोर जाऊन उभी राहीन. पहिल्याच आठवड्यात तळघरातून वर चहाला आलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘वरचे ते राक्षस जेवतात तरी का नाही?’ सगळे हसले. मीही हसले. खिडकीपाशी जाऊन बघितलं तर मचाणावर तू. तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. मग मॅडमनी विचारलं, या गावात कुणी आहे का तुझं? मी नाही म्हणाले. त्यानंतर रोज ते खरं सांगणं थोडं थोडं जड होत गेलं. जागा एक होती आणि आम्ही दोघं होतो, मी आणि तो चष्मेवाला; तुमच्याकडे सांगायला मॅडमच त्याला पाठवायच्या. तू बहिणीचं बोललास तेव्हापासून त्याला संशय आलाय असं मला वाटत राहायचं. मला वाटलं, हातोड्यावर हिचा भाऊ आहे हे कळलं तर म्हणतील, हिला आतून मदत होती. आणि मदत तर मी घेतलीच, तुला न सांगता.

आणखी एक, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. डिसेंबरमध्ये मला कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली होती. आपल्याच गावी. मी नको म्हणून कळवलं. तेव्हा तुला लिहायला बसले, जमलं नाही; पुढे पीएच.डी.चं लिहिलं तेव्हाही ते गाळून शेवटी ‘रागावू नकोस’ एवढंच लिहून पाकीट बंद केलं.

आईवर राग धरू नकोस. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, पोरगा दुखावेल. मी म्हणत राहिले, सांगते, सांगते. गुडघेही तिचे बरे नाहीत, जिना उतरता येत नाही. पत्र टाकायला शेजारच्या काकू जायच्या.

तू उद्यापासून हातोडा पडेल म्हणून लिहिलंस. दुसऱ्या दिवशी बाराला मी मशीन लावून बसले आणि दात आवळून वाट बघत राहिले. पडला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. महिनाअखेरपर्यंत एक दिवस पडला नाही. रेघ इतकी स्वच्छ आली की मॅडम म्हणाल्या, अशी आजवर आली नव्हती. जागा मला मिळाली. काल सगळ्यांसमोर मी त्यांना सांगितलं की हातोड्यावरचा मुलगा माझा सख्खा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, त्याला घेऊन ये, मला त्याचे खरे आभार मानायचेत.

येशील का? एकदा खाली ये. मी दारात उभी राहते.

ताई

*

४ एप्रिल

ताई,

सगळ्यांसमोर सांगितलंस म्हणे. जागा मिळाल्यावर. नऊ तारखेला बाईंनी विचारलं होतं तेव्हा जागा मिळायची होती, म्हणून मी कुणी नव्हतो. आता मिळाली, म्हणून सख्खा झालो. असा भाऊ बरा पडतो, पाहिजे तेव्हा उजेडात धरायचा.

हातोडा पडला नाही तो तुझ्यासाठी नाही. अकरा तारखेला बारा वाजता माझा हात लिव्हरवर होता. खाली बघितलं तर पोरं जेवून सावलीत आडवी झाली होती. दाढीवाला घोरत होता. त्यांना दुपारच्या झोपेची गोडी लागलीय, ती मोडवेना, एवढंच समज. पोरांना मी काही सांगितलेलं नाही. परवा एकानं विचारलं, ‘काय रे, ती कुणाची तरी बहीण पास झाली का?’ म्हणालो, झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा मागवला. महिनाभर चिखलात झोपलेली पोरं, ज्यांना कुणी राक्षस म्हटल्यावर तू हसलीस. ‘कुणाची रे?’ म्हणाले. मी म्हणालो, ते सांगितलं नाही बाईंनी.

कॉलेजाच्या नोकरीचं तीनदा वाचलं. डिसेंबर, म्हणजे गेले चार महिने मी ज्याच्यासाठी तुझ्याशी भांडत होतो ते आधीच संपलेलं होतं. मी एकटाच भांडत होतो. तू शिक, पाच काय दहा वर्षं शिक, तुला त्यातलं कळतं हे मलाही दिसलं त्या हिरव्या रेघेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला विचारलं असतंस तर मी आदळआपट केली असती, दोन दिवस जेवलो नसतो आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणालो असतो. तुला माहीत होतं ते. तरी विचारलं नाहीस.

तुझ्या दारात मी येणार नाही. उद्या मुकादमाबरोबर दुसऱ्या साइटवर निघतोय, पुलाचं काम आहे, इथून लांब. पत्ता आईला कळवला आहे. तिला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं शेजारच्या काकूंशी बोलून ठरवलंय, ते मी बघतो, तू त्यात पडू नकोस. तिच्याशीही मी अजून नीट बोललेलो नाही.

चष्मेवाला काल येऊन भेटला. जागा गेली तरी बरा बोलला. त्याच्याकडून कळलं की तुमची फेलोशिप मंजूर झाली तरी हातात पडायला चार महिने जातात, आणि तू एकवेळच जेवतेस. खानावळवाला काही पावलं मोजत बसत नाही, ताटं मोजतो. म्हणून या पत्राबरोबर मनिऑर्डर केलीय. आभाराचं पत्र लिहू नकोस, मी फोडणार नाही. ही काही माफी नाही. घरी कायमचं परतायच्या तिकिटाचे म्हणून बाजूला ठेवले होते, आता ते ठेवून काय करू? सहाशे चाळीस.